भुवईवर उभा असलेला सिनेमा

सातवीच्या वर्गाला शनिवारी अर्ध्या शाळेनंतर ‘अ ग्रँड डे आउट’ हा बाहुल्यांचा इंग्रजी सिनेमा दाखवला. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या, प्रोजेक्टर बाकावर ठेवला. मी स्वतः पाचव्यांदा पाहत होते.

घरातलं चीज संपतं. मग सुट्टीत जायचं कुठं, तर जिथं चीज मिळेल तिथं. चंद्र चीजचाच की! वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रॉमिट तळघरात रॉकेट बांधतात. वात पेटल्यावर वॉलेसला आठवतं की बिस्किटं राहिली, आणि तो परत धावतो. पोरं ओरडायला लागली, “अरे पळ, पळ!”

निक पार्कनं हा 23 मिनिटांचा सिनेमा 1982 मध्ये इंग्लंडच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये शिकताना सुरू केला. प्लॅस्टिसीनच्या, म्हणजे न वाळणाऱ्या मऊ क्लेच्या, बाहुल्या केसभर हलवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायच्या. शिक्षण संपलं तरी सिनेमा अर्धाच होता. 1985 मध्ये आर्डमन या ॲनिमेशन स्टुडिओनं पार्कला कामावर घेतलं आणि हा सिनेमाही पुरा करायला मदत केली. 1989 मध्ये तो पुरा झाला, बाफ्टा हे ब्रिटनचं सिनेमा-पारितोषिक मिळालं, ऑस्करचं नामांकनही. ऑस्कर मात्र पार्कच्याच दुसऱ्या लघुपटाला गेलं.

ग्रॉमिटचं तोंड हलवायचं असं आधी ठरलं होतं. पण एका दृश्यात वॉलेस दार कापतोय आणि दाराखाली टेकू म्हणून ग्रॉमिट उभा आहे. तिथं पार्कनं नुसती भुवई हलवून पाहिली, आणि कुत्र्याच्या मनातलं सगळं कळलं. तोंड गेलं ते कायमचं. तेवढा तुकडा मी तीनदा लावला. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, ह्याला तोंडच नाहीये!” मला एवढंच हवं होतं.

चंद्रावर उतरल्यावर गती मंदावते, हे खरं. पण तिथली नाणं टाकताच जिवंत होणारी शेगडी, तिला पडलेलं स्कीइंगचं स्वप्न आणि शेवटी तिनं हलवलेला हात, यासाठी सगळं माफ. बाहुल्यांवर बोटांचे ठसे दिसतात. मुलांना ते मुद्दाम दाखवा, कारण हे हातानं केलंय हे त्यांना तिथंच पटतं.

सोमवारी एकीनं कणकेचा कुत्रा करून आणला. सुकून भुवई तडकली होती. शाडूचंही तेच होईल, म्हणून तिला न वाळणारी तेलाची क्ले आणायला सांगितलीय, आणि एकेक चौकट टिपताना मोबाइल हलू नये म्हणून एक स्टँड.