दिवाळी अंकासाठी इनडिझाइन की स्क्रायबस?

आमचा दिवाळी अंक छोटा. श्रावणात मजकूर यायला लागतो, नवरात्रात पानं छापखान्यात जातात. अंक लावणाऱ्या डीटीपीवाल्या काकांनी पेजमेकर 7.0 या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या एकाच सीडीवर आयुष्य काढलं (ती विकतची होती का, हे मी कधी विचारलं नाही). त्यांनी दुकान बंद केलं आणि मांडणी माझ्या गळ्यात पडली.

पानं लावायला समोर दोन सॉफ्टवेअर होती: ॲडोबी कंपनीचं भाड्याचं इनडिझाइन आणि फुकट मिळणारं स्क्रायबस. मांडणीपुरतं म्हणाल तर इनडिझाइन सरस. त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांसारखी अक्षरं जुळवणारा पर्याय) निवडला की जोडाक्षरं नीट बसतात, तळटिपांचा त्रास नाही. स्क्रायबसमध्ये तक्ता करणं म्हणजे संयमाची परीक्षा; युनिकोड मराठी मात्र त्याच्या 1.6 आवृत्तीत मला व्यवस्थित मिळालं. छापखान्याला हवी ती सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली) पीडीएफ दोन्हींतून निघते.

माझं घोडं अडलं ते भाड्यापाशी. 2013 पासून ॲडोबीचा सगळा भर सॉफ्टवेअर विकण्याऐवजी भाड्याने देण्यावर. आमचं काम तीन महिन्यांचं. वार्षिक करार करून हप्ता दरमहा भरला आणि पहिल्याच वर्षी मधेच सोडला, तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम द्यायची. म्हणजे नऊ राहिले असतील तर साडेचार अंगावर. हा दंड ग्राहकापासून झाकून ठेवला आणि बाहेर पडायची वाट किचकट केली, असा दावा ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या न्याय खात्याने जून 2024 मध्ये कंपनीवर लावला.

बंधन नसलेला महिनेवारी पर्यायही आहे, दर चढा. पण भाडं थांबलं की आपणच लावलेली पानं इनडिझाइनमध्ये उघडता येत नाहीत. आणि फेब्रुवारीत एखाद्या लेखकाचा फोन हमखास येतो, “माझी कथा संग्रहात घेतोय, तेवढी पानं दुरुस्त करून दे ना.” म्हणजे दोन वेलांट्यांसाठी पुन्हा महिन्याचं भाडं. स्क्रायबसमधला गेल्या खेपेचा अंक मी परवाच उघडला, वेलांट्या सुधारल्या आणि पाठवून दिला.

रोज चार कामं असणाऱ्याला इनडिझाइन परवडत असेल, त्याला मी अडवणार नाही. वर्षाला एकच अंक असेल तर आधी स्क्रायबसवर सोळा पानांचा एक फर्मा लावून बघा. तक्ते टाळता आले तर उत्तम. आम्ही राशिभविष्याचा तक्ता सरळ परिच्छेदांत मोडला, एकाही वाचकाने विचारलं नाही.