ओलिताचे डिझेल: इंजिनाची दुरुस्ती की सौर पंप?

ज्या शेतकऱ्याकडे विहीर आहे, पण वावरापर्यंत वीज पोहोचलेली नाही, त्याच्यापुढे आज दोन मार्ग आहेत. एक म्हणजे हाती असलेले डिझेल इंजिन नीट करून घेणे आणि दुसरा म्हणजे राज्य शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज करणे. वीजजोडणी असलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज मिळते आणि ही सौर योजनाही त्यांच्यासाठी नाही.

निवड करण्यापूर्वी हिशेब पिकाचा मांडावा. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल घेते. पंप सेकंदाला १० लिटर पाणी फेकत असेल, तर एकरभर जमिनीला ५ सेंटीमीटर पाणी द्यायला साडेपाच तासांच्या वर वेळ लागतो. म्हणजे डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर एका पाण्याला एकरी सुमारे ५०० रुपये. हरभऱ्याला दोन पाणी दिले तर खर्च हजारावर थांबतो, गव्हाला पाच-सहा पाण्यांत तो तीन हजारांपर्यंत जातो. अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या संत्र्याला मात्र ताण (फुलोऱ्यासाठी पाणी बंद ठेवणे) तोडल्यापासून मृग लागेपर्यंत पाणी पुरवावे लागते, आणि तिथे ठिबक असले तरी इंजिनाचे तास वाढतच जातात.

दोन-तीन एकर हरभऱ्यासाठी आधी दुरुस्तीच करावी, असे माझे मत आहे, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंजिनापेक्षा पाइपातच डिझेल जास्त वाया जाते. फूट व्हॉल्व्हची (पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या तळाच्या झडपेची) जाळी शेवाळाने बुजलेली असते, पाइप गरजेपेक्षा अरुंद असतो, त्याला नको तिथे एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, लावलेले असतात आणि डिलिव्हरीचे तोंड पाटापेक्षा पुरुषभर उंच धरलेले असते. तेवढ्या उंचीवर पाणी चढवून पुन्हा खाली पाडण्याचे डिझेल शेतकरीच भरतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी पंपाचे गार पाणी भसाभस सोडण्याची सवयही तशीच महागात पडते. इंजिनाच्या हेडमधून (वरच्या भागातून) बाहेर येणाऱ्या पाण्याखाली हात धरून पाहावा: तो सहज टिकत असेल, तर इंजिन हवे तेवढे तापलेले नाही, ते डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. अशा वेळी आत जाणाऱ्या पाण्याची तोटी थोडी आवळावी. पूर्ण तापल्यावरही धूर काळाच येत असेल, तर एअर फिल्टर साफ करून डिझेल फवारणारे नोझल तपासून घ्यावे.

संत्रा, भाजीपाला किंवा गहू असलेल्याने सौर पंपच घ्यावा. खुल्या प्रवर्गातील लाभार्थ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींतील लाभार्थ्याला ५ टक्केच हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो, शिवाय पाच वर्षांची दुरुस्ती हमी असते.

परंतु सौर पंप जागचा हलत नाही. नाल्यातील पाणी आटत जाईल तसे इंजिन पाणी उरलेल्या डोहापाशी नेता येते किंवा भावाच्या शेततळ्यावर बैलगाडीतून पोहोचवता येते. पॅनेलचे तसे होत नाही. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो आणि सोयाबीन कोमेजू लागते, तेव्हा आभाळ पुष्कळदा भरलेलेच असते, आणि नेमक्या त्या दिवसांत सौर पंपाची धार बारीक होते. म्हणून सौर पंप बसल्यावरही चांगले इंजिन भंगारात काढू नये.

ट्रॅक्टर आणि मालवाहतुकीचे डिझेल या दोन्ही मार्गांनी वाचत नाही. तिथे हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस, टायरमध्ये योग्य हवा आणि परतीच्या फेरीलाही भार मिळतो का ते पाहावे. सुट्या कापसाने ट्रॉली वजनाआधी आकाराने भरते. जिनिंग (सरकी काढण्याचा कारखाना) दूर असेल, तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून ट्रक करावा, त्यात क्विंटलमागे डिझेल कमी लागते.