पावसाळ्यात गादी कुठे ठेवावी: गावच्या बंद घरात की भाड्याच्या गाळ्यात?

मे महिन्याच्या शेवटी गावच्या घराची आवराआवर सुरू होते. भांडी फडताळात जातात, सिलिंडरचा रेग्युलेटर निघतो, मेन स्विच खाली होतो आणि ओटीवर गाद्यांचा ढीग तेवढा उरतो. घर आता उघडणार ते थेट गणपतीला. पूर्वी या ढिगाला एकच जागा होती, माळा. आता तालुक्याच्या गावात भाड्याने गाळा मिळतो आणि पनवेल, ठाणे, भिवंडीकडे घरसामान महिन्याच्या भाड्याने ठेवून घेणारी गोदामंही आहेत. त्यामुळे दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं, घरात ठेवू की बाहेर? मी दोन्ही करून पाहिलं आहे, आणि एकदा गादी गमावलीही आहे.

आमचं घर गुहागर तालुक्यात, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. आईच्या पाठीसाठी मेमरी फोमची गादी घेतली होती. निघताना ती ज्या प्लॅस्टिकमधून आली होती त्यातच घालून, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून माजघरातल्या पलंगावर ठेवली. गणपतीला दार उघडलं तेव्हा प्लॅस्टिकच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत होते. कापड हाताला गार आणि चिकट, शिलाईच्या रेषेने मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके. खोळ काढली तर ठिपके फोममध्येही उतरलेले. शेजारच्या काकी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "गादीला वारा नको काय गो? अशी गुंडाळून ठेवलीस, श्वास कुठून घ्यायची ती?"

काकींनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या खाली येत नाही. बुरशीला साधारण 70 टक्के पुरतात. आपण मेच्या शेवटी गादी बांधतो तेव्हा तिच्यात महिनाभराचा घाम आणि समुद्रावरची दमट हवा आधीच मुरलेली असते. प्लॅस्टिक बाहेरचं पाणी अडवतं, पण आतलंही कोंडतं. रात्री गारवा आला की तेच पाणी थेंब होऊन गादीवर बसतं.

म्हणून जागा ठरवण्याआधी गादी कशाची आहे ते बघा. कापूस ओल भरपूर पितो. पण तीच गादी ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस उलटसुलट टाकली की ओल सोडते, आणि अगदीच गठ्ठे झाले तर पिंजाऱ्याकडे कापूस पिंजून नवी खोळ चढवता येते. कापसाची गादी सहसा पूर्ण वाया जात नाही. काथ्याच्या गादीत काथ्याचे धागे रबराने जोडलेले असतात. ती घडी घातली की मोडते आणि ती मोड परत भरत नाही. फोम, मेमरी फोम आणि लॅटेक्स यांच्यात बुरशी एकदा आत शिरली की बाहेर काढता येत नाही, आणि लॅटेक्सला कडक ऊन दाखवलं तर तो भुरभुरतो. स्प्रिंगच्या गादीला खाऱ्या हवेने तारा गंजण्याची भीती असते. ती आडवीच ठेवायची, भिंतीला उभी टेकवून महिनोन्महिने ठेवली तर आकार बिघडतो. हवा काढून चपटी करणाऱ्या पिशव्या मी कोणत्याच गादीला तीन महिन्यांसाठी सुचवणार नाही. फोम इतका काळ दाबून राहिला तर पुन्हा पूर्ण फुगेलच असं नाही.

आता घराचा विचार. माळ्यावर गादी टिकायची हे खरं, पण तेव्हा खाली रोज चूल पेटत असे. धुराने आणि उबेने माळा कोरडा राहायचा, म्हणून तर बी-बियाणंही तिथेच असायचं. आज घर बंद, चूल नाही. एखादं कौल सरकलं की थेट गादीवर पाणी, आणि उंदराला घरट्यासाठी आयता कापूस. बंद घरातला माळा ही मला सगळ्यांत वाईट जागा वाटते. त्यापेक्षा माजघर बरं. चारी बाजूंनी खोल्या असल्याने तिथे पावसाची झड पोचत नाही. पलंगाच्या उघड्या फळ्यांवर गादी आडवी, भिंतीपासून हातभर लांब, वर सुती चादर. भिंतीपासून लांब अशासाठी, की चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते आणि वाळवी भिंतीवरूनच मातीच्या नळ्या बांधत येते. जुन्या घरात आढ्याला दोरांनी टांगलेली दांडी असेल तर कापसाच्या गाद्या आणि गोधड्या तिच्यावर टाका, चारी बाजूंनी वारा लागतो. फोम किंवा स्प्रिंग मात्र दांडीवर नको.

दमटपणा शोषणाऱ्या डब्या ठेवायच्या असतील तर त्या गादीपासून दूर, जमिनीवर ताटलीत ठेवा. कोकणात त्या काही आठवड्यांतच पाण्याने भरतात, आणि ते खारट पाणी गादीवर सांडलं तर सहजी वाळत नाही. हवा कोरडी करणारं यंत्र उत्तम, पण मेन स्विच बंद असलेल्या घरात त्याचा काय उपयोग? डांबराच्या गोळ्यांचा वास फोममध्ये महिनोन्महिने राहतो, घरात तान्हं मूल असेल तर त्या टाळाच. वेखंड आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला कसरीसाठी बरा, बुरशीला तो थांबवत नाही. पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याचा जुना उपाय बंद घरात नको, डासांची पैदास होते.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे घर मध्ये कोण उघडतं. पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडल्यावर दुपारी, कोणी दोन तास खिडक्या उघडून गादी उलटी केली तर माजघरातली गादी गणपतीपर्यंत सुखरूप राहते. आमच्याकडे आता हे काकी करतात. जाताना मी किल्ली त्यांच्याकडे देते आणि आल्यावर त्यांच्यासाठी काहीतरी मनापासून आणते. हे नातं असेल तर भाड्याच्या जागेचा विचारही करू नका.

गाळ्याचा अनुभव मी एकदाच घेतला, घराची कौलं उतरवून छप्पर नव्याने करायचं होतं तेव्हा. चिपळूण जवळ पडतं, पण तिथे गाळा बघताना पहिला प्रश्न मजल्याचा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि तळमजले बुडाले. त्याच सुमाराला महाडला सावित्रीने तेच केलं. नदीकाठच्या गावात तळमजल्यावरचा गाळा कितीही स्वस्त मिळाला तरी पावसाळ्यात घेऊ नये. मी वरचा मजला घेतला, पण छताकडे नीट बघितलं नाही. छत पत्र्याचं होतं. रात्री पत्रा गार पडायचा, आतल्या बाजूने घाम धरायचा आणि पहाटे टपटप सुरू व्हायची. लवकर लक्षात आलं म्हणून गाद्या वाचल्या. स्लॅबचं छत, समोरासमोर दोन झडपा, खाली लाकडी फळ्या आणि किल्ली आपल्या हातात, एवढं असेल तरच गाळा घरापेक्षा सरस. नाहीतर तेही एक बंद घरच, फरक इतका की तिथे शेजारी काकी नाहीत.

शहरातल्या गोदामांची गोष्ट वेगळी. तिथे पहारा असतो, फवारणी होते, सामानाचा विमाही काढता येतो. पण पनवेल-भिवंडीचा पावसाळाही दमटच. "एसी आहे" म्हणाले तर तो रात्री चालू असतो का ते विचारा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र फार महाग नसतं, जुलैत एकदा ते घेऊन जा आणि तुमच्या सामानाजवळचा आकडा बघा. 60 च्या आत असेल तर निश्चिंत राहा, 70 च्या वर असेल तर तुम्ही भाडं नुसत्या कुलपाचं भरताय. गाडीत चढवताना ते गादीला प्लॅस्टिक गुंडाळतात, प्रवासापुरतं ते ठीक. आत ठेवताना काढून सुती खोळ घालायला सांगा, आणि हे पावतीवर लिहून घ्या.

शिवाय हिशेब करा. महिन्याचं भाडं गुणिले महिने, अधिक मुंबई-गोवा महामार्गावरून टेम्पोच्या दोन खेपा. दर पावसाळ्यासाठी हे कधीच परवडत नाही, आणि दोरीने आवळून नेलेली गादी प्रवासातच निम्मी म्हातारी होते. घराची दुरुस्ती वर्षभर चालणार असेल किंवा घर विकायला काढलं असेल, तर मात्र चांगल्या, महागड्या गादीसाठी गोदामच योग्य.

निवास-न्याहारी चालवणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. दहा-बारा फोमच्या गाद्या, आणि पावसाळ्यात पाहुणे तुरळक. त्यांनी बाहेर भाडं भरण्यापेक्षा वरच्या मजल्यावरची एक स्लॅबची खोली गाद्यांसाठी राखावी आणि त्या पैशात हवा कोरडी करणारं यंत्र घ्यावं. तुम्ही तिथेच राहता, वीज आहे, यंत्रातलं पाणी रोज ओतता येतं. गाद्या एकावर एक रचू नका, मध्ये लाकडी पट्ट्या घाला. खालच्या गादीचं वजनाने नुकसान होतंच, पण दोन गाद्यांच्या मधल्या फटीत बुरशी आधी धरते.

आणि ज्यांच्या घराला किल्ली घेणारं कोणी नाही, वाडीत शेजारचीही घरं बंदच, त्यांनी फोम तिथे ठेवूच नये. मे महिन्यातच कोणाला तरी वापरायला देऊन टाकावी आणि गावासाठी कापसाच्या दोन गाद्या कराव्यात.

गणपतीला पोचलात की पहिल्या रात्री त्या गादीवर झोपू नका. आधी शिलाईजवळ नाक न्या, मग तळहात मधोमध दाबून दहा सेकंद ठेवा. हाताला गार लागलं तर आत ओल आहे. कापसाची असेल तर ऊन पडताच अंगणात, फोमची असेल तर पडवीत सावलीला उभी करून पंख्यासमोर, दिवसभर. ती रात्र चटईवर काढा.