लोकरीचं तोरण: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत दारावर

क्रोशाचं तोरण कुणी पाहिलं की पहिली नजर पानांवर जाते. पान टोकदार आलंय का, मधली शीर उठून दिसते का, मध्यभागी कैरी आहे की कलश. मीही विणताना सगळा जीव पानांतच ओतते. पण इतके महिने रोज दारावर पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: तोरण टिकतं ते वरच्या पट्टीच्या जोरावर. पानं चांगली आणि पट्टी ढिली असेल तर ते तोरण पावसाळा संपायच्या आत केविलवाणं दिसू लागतं.

हे तोरण 2025 च्या गुढीपाडव्याला डोंबिवलीतल्या आमच्या दारावर चढलं. दिवाळी उलटेपर्यंत ते फक्त धुण्यापुरतंच खाली आलं. त्याच नमुन्याचं, पण सुती दोऱ्याचं दुसरं तोरण मी सोलापूरला जाऊबाईंना विणून दिलं होतं. त्यामुळे दमट हवा आणि कोरडी हवा, लोकर आणि सूत, असं दोन्ही शेजारी ठेवून बघता आलं.

नमुना साधा आहे. दार 3 फुटी, म्हणून पट्टी 36 इंच लांब आणि अडीच इंच रुंद. खाली 11 आंब्याची पानं, प्रत्येक साधारण 5 इंचांचं. पानांची संख्या विषम ठेवली की मधोमध एक पान येतं आणि तोरण दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. लोकर चार पदरी अ‍ॅक्रिलिक, सुई 3.5 मिलिमीटरची.

आता पट्टीबद्दल. ती मी आडवी विणली, म्हणजे सुरुवातीलाच 36 इंचांची साखळी घातली आणि तिच्यावर लांबच लांब ओळी घेतल्या. बऱ्याच जणी अडीच इंचांच्या छोट्या ओळी घेत पट्टी वाढवत नेतात. विणायला ते सोपं जातं, मोजायला तर फारच सोपं. पण अशी पट्टी वजनाने लांबीत ताणली जाते, कारण ओळींमधली जागा उघडत जाते. आडव्या ओळींत हा ताण कमी येतो. टाका मुका खांब घ्यावा, म्हणजे सुईवर आधी धाग्याचा वेढा न घेता विणलेला आखूड, घट्ट टाका. साध्या खांबाने काम भराभर होतं, पण वीण जाळीदार होते आणि पानांचं वजन तिला पेलत नाही. पट्टीच्या पाठीला मी कॅनव्हासचं कापड शिवलं आणि त्यातच परकराला असतो तसा नेफा ठेवून बांबूची बारीक काठी सरकवली. सगळ्या तोरणातला हा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. आजही पट्टी सरळ रेषेत आहे.

सोलापूरला लाकडी चौकटीवर दोन खिळे आधीपासून होते, म्हणून तिथे काठी न घालता दोन टोकांना गोफाच्या कड्या करून दिल्या. काही महिन्यांत मधला भाग खाली आला. जाऊबाईंनी मधोमध तिसरा खिळा मारून पट्टी त्यावर टाचली, तेव्हा ती सावरली. ज्यांना काठी नको असेल त्यांनी निदान एवढं पहिल्याच दिवशी करावं.

पावसाचं म्हणाल तर 2025 मध्ये तो 26 मेलाच मुंबईत येऊन थडकला, त्यामुळे परीक्षा लांबली. अ‍ॅक्रिलिक पाणी फारसं शोषत नाही. आमच्या जिन्यात भिंतीला बुरशी आली, चपलांच्या कपाटात वास धरला, पण तोरणाला काही झालं नाही. सुताचं तसं नाही. ते ओल धरतं, ओलं झालं की लांबतं, आणि दिवसेंदिवस सुकलं नाही तर त्यावर काळे ठिपके येतात. सोलापूरच्या हवेत हा प्रश्न आलाच नाही, आणि सुती पानांची वीण जशी रेखीव दिसते तशी लोकरीची कधीच दिसत नाही. मर्सराइज्ड, म्हणजे खास प्रक्रिया केलेलं सूत घेतलं तर त्यावर सुंदर चमकही असते. म्हणून कोरड्या गावात सूतच घ्या, मी आग्रहाने सांगेन. कोकणात, ठाण्यात, मुंबईत मात्र लोकर.

पानं वळतात ही तक्रार सगळ्यांचीच असते. त्यावर खळ लावायचा सल्ला मिळतो. पावसाळी हवेत खळ मऊ पडते, शिवाय तिच्यावर झुरळं आणि कसर येते. त्यापेक्षा पान ओलं करून, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून, पूर्ण सुकेपर्यंत तसंच ठेवावं. कडेने मुक्या खांबाची एक ओळ फिरवली की पान आणखी तग धरतं. लोकरीवर गरम इस्त्री ठेवू नये, धागा कायमचा लोळागोळा होतो.

टांगण्याची जागा विणायच्या आधी ठरवा. आमच्याकडे सेफ्टी दरवाजा बाहेर उघडतो. तोरण चौकटीच्या आत लावलं तर पानं त्यात अडकतात, म्हणून ते चौकटीच्या वर भिंतीवर घ्यावं लागलं. नव्या इमारतींत चौकट ग्रॅनाइटची असते, तिथे खिळा ठोकता येत नाही. चिकटवायचे हुक पावसाळ्यात सुटतात. भिंतीत ड्रिलने दोन स्क्रू बसवून घेणं उत्तम.

धुणं सोपं आहे. काठी काढायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट पसरून सावलीत वाळवायचं. दोरीवर टाकलं तर पाण्याच्या वजनाने सगळी मेहनत लांबते. सणाला बोटभर हळद-कुंकू लागतंच. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, घाबरू नका. स्वच्छ पाण्यात खळबळून तेवढाच भाग उन्हाकडे ठेवला की हळद उडते. कुंकवाचा डाग मात्र हट्टी, तो पूर्ण गेला नाही. रंगाचं बोलायचं तर सोलापूरच्या पूर्वेकडच्या दारावर लाल सूत फिकट झालंय. आमच्या जिन्यात ऊन येत नाही, त्यामुळे लोकरीच्या रंगाच्या टिकाऊपणाबद्दल मी छातीठोक सांगू शकणार नाही.

लोकरीचं तोरण आहे म्हणून ताजं लावायचं नाही, हे मला पटत नाही. दसऱ्याला आंब्याची पानं आणि झेंडू हवेतच, आणि माझ्या माहेरी कोकणात भाताच्या लोंब्या घालून ‘नवं’ (नव्या पिकाचं तोरण) बांधतात, त्याची सर कशालाच नाही. फक्त ताज्या तोरणाला वेगळा दोरा बांधावा. झेंडू लोकरीला चिकटून सुकला की तपकिरी डाग पडतो.

आणि दिवाळीत पणत्या दाराच्या दोन्ही बाजूंना, तोरणापासून चांगल्या लांब. अ‍ॅक्रिलिक पेट घेतं आणि वितळून अंगावर ठिबकतं. उंच समई किंवा खाली टांगलेला आकाशकंदील तोरणाच्या रेषेत येणार असेल, तर त्या चार दिवसांपुरतं विणलेलं तोरण उतरवून देवघराच्या दारावर न्या.