“घरी चार रोपं चालतात” म्हणणाऱ्यांपासून जपा

आईचे गुडघे दोन वर्षांपासून फारच धरतात. रात्री दोनला उठून ती भिंतीला टेकून बसते, आणि आपण काहीच करू शकत नाही. दवाखाने झाले, लेप झाले, काढे झाले. त्या हतबलतेत मी फसलो. मी औशात पतसंस्थेत नोकरीला आहे, रोज लोकांचे कागद तपासतो, तरीही फसलो. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मे महिन्यात मोबाईलवर जाहिरात दिसली. भांगेच्या पानाचं तेल सांधेदुखीवर गुणकारी, घरी चार रोपं लावायला कायदेशीर परवानगी, कागदपत्रं आम्ही करून देतो. फोन लावला. पलीकडचा माणूस आपल्याच बोलीतला, ‘दादा, दादा’ करत बोलणारा. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. भांगेचं नुसतं पान अमली पदार्थांच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाही. उत्तराखंडात सरकारच लागवडीचे परवाने देतं. आणि 2021 साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं भांगेच्या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली. मी तिन्ही गोष्टी शोधून पाहिल्या. तिन्ही खऱ्या निघाल्या. मग चौथी, म्हणजे ‘घरी चार रोपं चालतात’ ही, तपासायची मला गरजच वाटली नाही.

6,500 रुपये पाठवले. आठ दिवसांत कुरिअरनं प्लॅस्टिकची डबी आली, आत वीसेक करड्या बिया. सोबत प्रमाणपत्र: वर सिंहांची राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मधे माझं नाव, आधार क्रमांक आणि ‘औषधी वापराकरिता 4 रोपे’. मृग लागल्यावर गच्चीवर चार कुंड्यांत बिया टाकल्या. आईला सांगितलं नाही. तिला जिना चढवतच नाही.

महिनाभरात रोपं हातभर झाली, पानं बोटांसारखी फाटलेली. एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दीतला माणूस. “तुमच्या गच्चीवर गांजाची चार रोपं आहेत. कलम 20, दहा वर्षं. फोन ठेवायचा नाही, घरात कुणाशी बोलायचं नाही.” माझं नाव, पत्ता, आधार, कुंड्या किती, सगळं त्याला पाठ. पाठ असणारच, बिया विकणारी आणि धमकावणारी टोळी एकच होती. हे आज कळतं. तेव्हा हातपाय गार पडले होते. पहिल्या दिवशी 30,000 दिले, दुसऱ्या दिवशी 18,000. तिसऱ्या दिवशी त्यानं आणखी 60,000 मागितले.

दोन दिवस मी जेवलो नव्हतो. आई पायरी-पायरीवर हात टेकत वर आली. कुंडीजवळ वाकली, एक पान खुडून तोंडात टाकलं आणि म्हणाली, “ही अंबाडी की रे. कुंडीत कशाला लावलास?”

मीही चावून पाहिलं. आंबट. अंबाडीच. तिचं पान भांगेच्या पानासारखंच दिसतं, एवढं की तिचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे ‘भांगेसारखी’, असं आहे. जिच्या भाजीवर भाकरी खाऊन वाढलो, ती डोळ्यांसमोर असून मला ओळखता आली नाही. मी तिथंच गच्चीवर रडलो आणि आईला सगळं सांगितलं.

त्याच संध्याकाळी लातूरला मामेभावाकडे गेलो, तो वकील आहे. त्यानं कायदा उलगडला तेव्हा कळलं की मी किती मोठ्या खड्ड्याच्या काठावर होतो. अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. पानाला सवलत आहे ती व्याख्येपुरती. झाड लावण्याला नाही. कलम 8 नुसार भांगेचं कुठलंही झाड विनापरवाना लावता येत नाही, मग ते शेतात असो की कुंडीत, एक असो की चार. कलम 20 खाली लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ म्हणून शिक्षा कमी असते ती गांजा बाळगण्याबाबत. लागवडीचा गुन्हा वेगळा. उत्तराखंडातले परवाने धाग्यासाठी आणि बियांसाठी, तेही नशेचा अंश 0.3 टक्क्यांच्या आत असलेल्या वाणांचे. अन्न म्हणून मान्यता बी खायला आहे, पेरायला नाही. घरी मोजकी रोपं चालतात हा नियम जर्मनीचा, 1 एप्रिल 2024 पासूनचा, आणि तिथंही तीनच. आपल्याकडे उलट, गावात अशी लागवड कळल्यावर सरपंचानं ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, कलम 47 तसं सांगतं.

म्हणजे माझ्या कुंडीत त्यांनी खरं बी पाठवलं असतं तर?

खुर्चीवरून उठायच्या आतच त्यानं 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन लावून दिला. व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकारच कायद्यात नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. या लोकांचा सगळा धंदा आपल्या गप्प बसण्यावर चालतो. आपणच गुन्हा केलाय म्हटल्यावर तक्रार करायला कोण जाणार? तुमच्यापैकी कुणाकडे अशी डबी आली असेल तर पेरू नका. पेरून बसला असाल तर त्यांना पैसे पाठवू नका, आधी वकील गाठा. दुखण्यावर भांगेचंच औषध हवं असेल तर आयुर्वेदात ती विजया नावानं आहे, पण ते नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीनं आणि परवानाधारक कंपनीचंच घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात डबी, प्रमाणपत्र आणि एक रोप मुळासकट नेऊन दिलं. दुसरे 18,000 बँकेत गोठवता आले, अजून हातात आलेले नाहीत. पहिले 30,000 त्याच रात्री चार खात्यांतून पुढे गेले होते.