नानांच्या विसराळूपणावर 41,700 रुपयांची लूट

राग अजून गेलेला नाही, पण आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांत हे कळायला हवं. गावात मंदिराच्या सभागृहात 'मोफत मेंदू तपासणी' लागली. नोंदणीचे 300 मात्र दारातच घेतले. आमचे नाना हल्ली विहिरीवरची मोटार बंद करायचं विसरतात. तपासणीवाला म्हणाला, पेशींमधलं 'एनएडी' नावाचं द्रव्य आटलंय, ते वाढवणाऱ्या पूरकाच्या सहा डब्यांचा कोर्स केला की सगळं आठवेल. डबी 6,900 ची, सहांचे 41,400. कापसाचे पैसे नुकतेच हातात आले होते.

नानांच्या मुठीत पितळी नळी दिली, मिनिटभरात कागद निघाला: एनएडी 31 टक्के. मग आईला बसवलं. तिच्याही कागदावर 31! दोन्ही कागद माझ्याच हातात होते, तरी लक्षात आलं नाही, हेच डाचतं. पण कोणाच्या आलं असतं? निम्मं तो खरंच बोलत होता. एनएडी 1906 पासून विज्ञानाला माहीत आहे. अन्नातून ऊर्जा काढायला, डीएनए दुरुस्त करायला पेशीला ते लागतं, वयाबरोबर कमीही होतं. अशा पूरकांनी रक्तातलं एनएडी वाढल्याचं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलंय. म्हातारपणचा विसर त्याने जातो हे मात्र सिद्ध झालेलं नाही, आणि तेवढंच त्याने गाळलं. नळी धरून ते मोजताही येत नाही, रक्त प्रयोगशाळेत द्यावं लागतं. शरीर ते बी-3 जीवनसत्त्वापासून बनवतं, आणि बी-3 आपल्या शेंगदाण्यात भरपूर असतं!

डबीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर नव्हता. तुम्ही आधी तोच बघा.

पोलीस म्हणाले, "स्वखुशीने दिले ना? मग गुन्हा कसला?" एका कार्यालयात म्हणे हे औषध नाही, खाद्यपदार्थ आहे, तिकडे जा. तिकडे म्हणे आजार बरा करायचा दावा आहे, म्हणजे औषधवाल्यांकडे जा. सील न फोडलेली डबी आणा, पक्कं बिल आणा. अहो, पक्कं बिल देणारा असा पळाला असता का? वर एक साहेब हसून म्हणाले, शिकलेले दिसता. शिकलेल्याला लुटलं तर गुन्हा होत नाही का?

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन लावा. मी रोख दिले होते. ग्राहक तक्रारीसाठी 1915. आणि विसरभोळेपणा वाढला तर आधी डॉक्टरांकडून बी-12 आणि थायरॉईड तपासून घ्या. नानांचं बी-12 कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत.

तीच टोळी आता चोपड्याकडे शिबिरं लावतेय असं ऐकतोय. तिकडे कोणी नातेवाईक असतील तर आजच फोन करा.