गावठी कोंबडी की गिरिराज? परसात पाळण्याआधी

गेल्या महिन्यात ठाण्याहून माझ्या चुलत दिरांचा फोन आला. निवृत्तीनंतर दोघं गावच्या घरी राहायला येताहेत. ‘वहिनी, परसात दहा-बारा कोंबड्या पाळायच्या म्हणतोय. गावठी घेऊ की गिरिराज?’ मी ‘गावठी घ्या’ म्हणून फोन ठेवला आणि मग दोन दिवस मला चैन पडेना, कारण उत्तर अर्धंच दिलं होतं. आमच्या घरी, कुडाळ तालुक्यात, गावठी कोंबड्या सासूबाई लग्न होऊन आल्या त्याच्या आधीपासून आहेत. त्यांच्या जोडीला मी सात वर्षं गिरिराज पाळल्या, मध्ये एकदा ग्रामप्रियाही आणल्या. दोन्हींची अंडी खाल्ली आणि दोन्हींसाठी रडलेही. तेव्हा उरलेलं अर्धं उत्तर इथे लिहिते.

आधी नावांचा घोळ मिटवू. आठवडी बाजारात कुठल्याही रंगीत, जाडजूड पिल्लाला ‘गिरिराज’ म्हणतात. खरी गिरिराज बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. वनराज अंडी आणि मांस दोन्हींसाठी, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी. या तिघींना मी पुढे ‘सुधारित’ म्हणेन, कारण परसात त्यांचं वागणं बरंचसं सारखं असतं. पिल्लं घ्यायचीच तर पशुसंवर्धन विभागाच्या उबवणी केंद्रांतून घ्या. खडकी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे मध्यवर्ती केंद्रं आहेत, आम्हाला कोल्हापूर जवळ पडतं. नोंदणी करून थांबावं लागतं, पण कुठल्या जातीचं पिल्लू हातात आलं आणि पहिल्या दिवशीची मरेक्स रोगाची लस टोचली का, हे तरी नक्की कळतं.

अंडी

आकड्यांत सुधारित कोंबडी सरळ जिंकते. गावठी वर्षाला पन्नास ते सत्तर अंडी देते. तीही सलग नाही. बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, आणि पुढचे दीड-दोन महिने अंड्यांचं नाव नाही. गिरिराज 130 ते 150 आणि ग्रामप्रिया त्याहून थोडी जास्त देते, असं सांगितलं जातं. हे आकडे खाद्य वेळेवर आणि पोटभर मिळालं तरचे. नुसतं सांडलेलं भात आणि खरकटं टाकून माझी गिरिराज कधी शंभर-एकशेदहाच्या वर गेली नाही. तरी गावठीपेक्षा ते जास्तच. अंडंही मोठं, पन्नास ग्रॅमच्या पुढचं. गावठीचं जेमतेम चाळीस भरतं.

टरफलाच्या रंगावरून मात्र काही ठरवू नका. तपकिरी कवच हा जातीचा गुण आहे, ते पोल्ट्रीतल्या कोंबडीचंही असतं. बलक केशरी होतो तो हिरव्या पाल्यामुळे आणि मोकळं चरण्यामुळे. माझी गिरिराज शेवग्याचा पाला आणि माठाची देठं खाते, तिचा बलक गावठीइतकाच रंगतो. चवीत मला फरक लागतो, पण डोळे बांधून ओळखीन असं छातीठोक सांगणार नाही.

घरात रोजच्या डब्यासाठी अंडी लागणारी मुलं असतील तर इथेच निर्णय झाला असं वाटेल. पण अजून थांबा.

खुडूक

सगळा फरक या एका शब्दात आहे. गावठी कोंबडी खुडूक होते आणि सुधारित सहसा होत नाही. अंडी वाढवण्यासाठी निवड करताना तिच्यातली बसण्याची ओढच काढून टाकली आहे. बसत नाही म्हणून ती अंडी घालत राहते. बसत नाही म्हणूनच तिची पुढची पिढी तुम्हाला विकत आणावी लागते.

मी नवीन होते तेव्हा कुणी तरी सांगितलं होतं, खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवून काढ, म्हणजे पुन्हा अंड्यावर येईल. मी बादली भरून घेतली. सासूबाई मागच्या दारातून ओरडल्या, ‘बुडवू नको हां, बसव तिका!’ त्यांनी जुन्या टोपलीत राख आणि वर भाताचं गवत पसरलं, अकरा अंडी मांडली, कडेला लोखंडाचा एक तुकडा ठेवला. विजा कडाडल्या तर अंडी नासू नयेत म्हणून. त्या लोखंडाचा काही उपयोग होत असेल असं मला वाटत नाही, पण मी अजून ठेवते.

त्यानंतरचे एकवीस दिवस ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांना कोंबडी पाळणं म्हणजे काय हे अर्धंच कळलंय. दिवसातून एकदा, पाव तासासाठी ती उठते. पाणी पिते, दाणे टिपते, राखेत लोळते आणि पिसं फुगवून परत येते. चोचीने अंडी आतून बाहेर, बाहेरून आत फिरवते. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. दिसलं नाही तर ते अंडं वांझ, काढून टाकायचं. विसाव्या दिवशी टोपलीशी कान नेला की बंद अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी वेगळ्याच, घशातल्या आवाजात तिला उत्तर देते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चुलीवरचा भात विसरले.

पुढचे दोन महिने पिल्लांची काळजी तिची. पंखाखाली ऊब तिची, वाळवीचं वारूळ उकरून दाखवणंही तिचंच. आकाशात घारीची सावली फिरली की ती एकच बारीक, लांब स्वर काढते आणि अंगणातली दहा पिल्लं क्षणात दिसेनाशी होतात. कुणी आळूच्या पानाखाली, कुणी दगडाच्या सांदीत, कुणी तिच्या पोटाखाली.

सुधारित पिल्लांची आई तुम्ही. खोक्यात भाताचं तूस पसरून वर बल्ब लावायचा. पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, नंतर दर आठवड्याला थोडी कमी करायची. थर्मामीटरपेक्षा पिल्लं चांगलं सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून बसली तर गारठली, कडेला चिकटून चोची उघडल्या तर उकडतंय, सगळीकडे सारखी पांगली तर ठीक. पहिल्या खेपेला रात्री दोन वाजता वीज गेली आणि मला जाग आली नाही. सकाळी पन्नासातली चौदा पिल्लं एकमेकांखाली चेंगरून मेली होती. तेव्हापासून पहिले पंधरा दिवस मी त्यांच्याच खोलीत अंथरूण घालते आणि उशाशी निखाऱ्यांसाठी मडकं तयार ठेवते.

नुकसान

कोंबड्या पाळल्या की मरण बघावं लागतं, यातून सुटका नाही. फक्त दोन्हीकडे ते वेगळ्या तऱ्हेने येतं.

गावठीचं नुकसान हप्त्याहप्त्याने होतं. दहा पिल्लं निघाली तर एक घार नेते, एक मुंगूस, एक पावसात भिजून जातं. चार-पाच मोठी झाली तरी आमच्याकडे बरं म्हणतात. मोठी झालेली कोंबडी मात्र सहज सापडत नाही. अंग हलकं, रात्री फणसावर चढून बसते, कुत्रा धावला तर कुंपणावरून उडते.

गिरिराजचं नुकसान एकरकमी होतं. अंग जड, उडणं नाही, माणसाची सवय. तिसऱ्या वर्षी माझ्या खुराड्याच्या दाराखाली चार बोटांची फट राहिली होती. रात्री कांडेचोर, म्हणजे उदमांजर, शिरला असावा. सकाळी नऊ कोंबड्या मेलेल्या होत्या. खाल्लेली एकच, बाकीच्या नुसत्या मानेला चावून टाकलेल्या. त्या आठवड्यात सगळ्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर आल्या होत्या. मी त्यांना सहा महिने हातून भरवलं होतं. शेजारी खुराड्यात जागा न मिळाल्याने आंब्यावर चढून बसणाऱ्या आमच्या सगळ्या गावठी शाबूत होत्या.

म्हणून सुधारित पाळायच्या तर पैसे आधी खुराड्यात घाला, मग पिल्लांत. जमिनीपासून दोन फूट उंच, बारीक जाळी, दाराला कडी आणि संध्याकाळी स्वतः मोजून कडी लावणारं माणूस. ते माणूस घरात नसेल तर गिरिराज आणू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

रोगाबद्दल एक गैरसमज आमच्या गावातही घट्ट आहे, की गावठीला काही होत नाही. किरकोळ आजार ती झेलते, हे खरं. पण मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की ती गावठी-गिरिराज पाहत नाही. हिरवी पातळ हगवण, घरघर, लुळे पंख, पिळलेली मान, आणि दोन-तीन दिवसांत वाडीतली खुराडी रिकामी. औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण अशी की छोट्यात छोटी बाटलीही शंभर मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? आम्ही आता वाडीतल्या सात घरांनी दिवस ठरवलाय. थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणतो, पशुवैद्यकीय दवाखान्यातले कर्मचारी येतात आणि पहाटे खुराडी उघडायच्या आत सगळ्यांच्या कोंबड्या होतात. हे सुरू झाल्यापासून वाडीत मानमोडी आलेली नाही.

बर्ड फ्लूपुढे मात्र परसातल्या माणसाच्या हातात फारसं काही नसतं. देशात तो पहिल्यांदा सापडला फेब्रुवारी 2006 मध्ये, आपल्याच नवापुरात. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात पुन्हा. अशा वेळी ठरलेल्या परिघातल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागतात, परसातल्या धडधाकटही. भरपाई मिळते, पण अकरा अंड्यांपासून वाढवलेलं कुळ परत येत नाही. अचानक खूप पक्षी मेले तर लपवू नका. कापून खाऊ नका, ओढ्यात टाकू नका, लगेच दवाखान्यात कळवा.

खाणं, शेजारी, कापणं

गावठीला सकाळी मूठभर दाणे पुरतात, बाकी ती शोधते. पण शोधते ती शेजारच्या वाफ्यातही. लाल माठाचं उगवलेलं रोप तिला फार प्रिय. यावरून आमचं एका घराशी वर्षभर बोलणं बंद होतं. गिरिराज घराजवळ राहते, पण दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खाते, आणि खाद्य विकतचं असेल तर हिशेब वहीत मांडूनच पाळा.

मांसासाठी सुधारित नर तीन महिन्यांत दीड-दोन किलोचा होतो. गावठी कोंबडा सव्वा किलो भरायला सात-आठ महिने घेतो. पण गटारीला, देवाच्या राखणीला, वड्यांबरोबरच्या रश्श्याला लोक गावठीच मागतात आणि भावही तसाच देतात. श्रावणात तोच कोंबडा कुणी विचारत नाही, तेव्हा विकायचं ते आषाढातच. कापायची की नाही, हे घरात आधी बोलून घ्या. गावठी तीन-चार वर्षं थोडी थोडी घालत राहते. सुधारितचं दीड वर्षानंतर झपाट्याने कमी होतं, आणि मग मुलांनी नाव ठेवलेल्या कोंबडीचं काय करायचं हा प्रश्न दारात उभा राहतो. आमच्याकडे दोन म्हाताऱ्या गिरिराज अशाच फिरताहेत. त्यांना मी कापू देणार नाही.

कडकनाथचं विचाराल तर तो मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, काळ्या मांसाचा पक्षी, 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हौस म्हणून जरूर पाळा. पण ‘अंडी-पक्षी आम्हीच परत विकत घेऊ’ या बोलीवर पैसे गुंतवू नका. 2019 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात हजारो शेतकरी अशाच बोलीवर बुडाले.

तर भावोजी

तुम्ही दोघंच, अंडी थोडीच लागणार, आणि अधूनमधून नातवंडांकडे ठाण्याला जाणार. तुम्हाला गावठीच. दोन कोंबड्या आणि एक कोंबडा एवढ्यावर सुरुवात करा. शेजारणीने सकाळी दाणे टाकले आणि संध्याकाळी दार लावलं की चार दिवस निभतात. धाकट्या जाऊबाईंनी विचारलं असतं तर मी ग्रामप्रिया सांगितली असती. तिच्या घरी तीन शाळकरी मुलं आहेत, ती दिवसभर घरी असते आणि तिचं खुराडं माझ्यापेक्षा पक्कं आहे. दोन्ही हवं असेल तर सुधारितची फळणारी अंडी खुडूक गावठीखाली ठेवता येतात, ती आपपर न करता वाढवते. फक्त गिरिराजचा नर गावठी कळपात मोकळा सोडू नका. संकरातल्या माद्या मोठ्या दिसतात, पण माझ्याकडच्या बहुतेक कधी बसल्याच नाहीत. मग तुमच्या परसातली खुडूक होणारी कोंबडी दोन-तीन पिढ्यांत संपते.

पावसात काही आणू नका. ओल्या तुसात पिल्लांना रक्ती हगवण लागते. दसऱ्यानंतर, उन्हं पडली की या. बाजारातून सुटी तलंग घेण्यापेक्षा गावातल्या ओळखीच्या घरून पिल्लांसकट कोंबडी घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. आमच्याकडची एक तुमच्यासाठी बसवून ठेवते. आणल्यावर आठ दिवस तिला डालग्याखालीच, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, ठेवा, दाणापाणी तिथेच द्या, नाहीतर ती पिल्लं घेऊन जुन्या घराची वाट धरते. नवव्या दिवशी दुपारी सोडा, संध्याकाळच्या जवळ. फार लांब जायला वेळ उरत नाही आणि अंधारायच्या आत ती पिल्लांना घेऊन डालग्यापाशी येऊन उभी राहते.